घोडा का लंगडतो?

पुणे शहराच्या नैर्ऋत्येला, सिंहगडाच्या वाटेवर धायरी आहे. एके काळी हे शेतीवाडीचे गाव होते. आता ते पुणे शहराचाच एक भाग झाले आहे. धायरीच्या रस्त्यांवर आज मोटारी, रिक्षा आणि बसगाड्या धावतात. घोडा दिसलाच तर तो बहुधा लग्नाच्या वरातीतला असतो. तरीही धायरीच्या आसपास घोड्यांचे एक मोठे जग आहे. मुठा नदीच्या पलीकडे खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. उद्याचे लष्करी अधिकारी तेथे घोड्यावर बसायला शिकतात. पुण्याच्या लष्कर भागात जुने रेसकोर्स आहे. पावसाळा सुरू झाला की तेथे घोड्यांच्या शर्यती होतात. जिल्ह्याच्या उत्तर भागात, खेड आणि जुन्नरच्या बाजूला, बैलगाड्यांच्या शर्यती भरतात. त्या शर्यतीत धावत्या बैलांच्या पुढे एक घोडी पळते आणि तिच्या मागे बैल जिवाच्या आकांताने धावतात.

हे सारे घोडे एकसारखे नाहीत. कोणी शर्यतीत धावतो, कोणी अडथळ्यांवरून उड्या मारतो, कोणी भाला घेतलेल्या स्वाराला पाठीवर घेऊन दौडतो. पण त्या सर्वांच्या मालकांना आणि मोतद्दारांना एकच भीती असते. ती म्हणजे, आपला घोडा लंगडू लागला तर? घोड्याचे सगळे बळ त्याच्या चार पायांवर उभे असते. त्यातला एक पाय जरी दुखावला, तरी त्याचा वेग, त्याचा डौल आणि कधी कधी त्याचा जीवही धोक्यात येतो.

घोडा का लंगडतो आणि त्याचे लंगडणे कसे टाळता येते, हे या पाठात आपण पाहू.

त्याआधी एक गंमत पाहा. घोड्याविषयी बोलताना मराठीत जे शब्द येतात, त्यांपैकी कितीतरी शब्द तुम्हांला आधीच ठाऊक आहेत. लगाम, जीन, चाबूक, नाल, नालबंद, स्वार, तबेला हे शब्द मराठीत आहेत आणि थोड्याफार फरकाने उर्दूतही आहेत. घोड्याच्या पाठीवरून पाय ज्यात अडकवतात, तिला मराठीत रिकीब म्हणतात. उर्दूत रकाब म्हणतात. घोडे बांधण्याच्या सरकारी जागेला मराठीत पागा म्हणत. फारसीत तिला पायगाह म्हणत. उलट दिशेनेही शब्द गेले आहेत. प्राचीन भारतात शालिहोत्र नावाचे एक प्रसिद्ध अश्ववैद्य होऊन गेले, असे मानतात. त्यांच्या नावावरूनच उर्दूत घोड्यांच्या वैद्याला सलोतरी म्हणू लागले. घोड्याची देखभाल करताना वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसे शेकडो वर्षे एकाच तबेल्यात काम करत होती. हे शब्द त्याची साक्ष देतात.

आता घोड्याचा पाय कसा असतो ते पाहू. एक साधा प्रयोग करा. आपला हात टेबलावर उभा धरा आणि फक्त मधल्या बोटाचे टोक टेबलाला टेकवा. बाकीची बोटे वर उचला. घोडा असाच उभा असतो! त्याच्या प्रत्येक पायाला एकच बोट असते आणि त्या बोटाच्या टोकावर तो उभा राहतो. आपण ज्याला खूर म्हणतो, ते त्या बोटाचे जाड, कठीण नख आहे. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो भाग आपल्याला गुडघा वाटतो, तो खरे तर आपल्या मनगटासारखा सांधा आहे. मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो, ती त्याची टाच आहे.

दुसरी गोष्ट अशी की, घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतेच. तेथे हाडे असतात आणि हाडांना ओढून धरणाऱ्या दोऱ्यांसारख्या कंडरा असतात. स्नायू वर, खांद्याकडे आणि मांडीकडे असतात. ते आकसले की कंडरा ताणल्या जातात आणि पाय हलतो. म्हणूनच घोड्याचा पाय खाली बारीक आणि हलका असतो. हलका पाय लवकर उचलता येतो, म्हणून घोडा वेगाने धावू शकतो. पण निसर्गाच्या या सोयीची किंमतही आहे. धक्का सोसायला तेथे मांसाची गादी नसते. सगळा भार हाडांवर, सांध्यांवर आणि कंडरांवर पडतो.

हा भार किती असतो? शर्यतीच्या घोड्याचे वजन साधारण ४५० ते ५०० किलो असते. तो ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने धावू शकतो. भरधाव दौडीत एखाद्या क्षणी त्याचा एकच पाय जमिनीवर असतो. त्या क्षणी त्या एका पायावर घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. म्हणजे हजार किलोपेक्षा जास्त! आणि तो भार पेलणारा खूर आपल्या तळहाताएवढाच असतो. उभ्या घोड्याच्या वजनाचा अधिक वाटा, शंभरात सुमारे साठ भाग, पुढच्या दोन पायांवर असतो. त्यामुळे पुढचे पाय जास्त वेळा दुखावतात.

घोडा लंगडतो म्हणजे नेमके काय करतो? दुखऱ्या पायावर तो कमी भार टाकतो. लंगडणे हा स्वतः काही आजार नाही. पायात कोठेतरी दुखते आहे, याची ती खूण आहे. ताप आला म्हणजे शरीरात काहीतरी बिघडले आहे असे आपण समजतो, तसेच हे आहे.

घोडा फार लंगडत असेल तर ते कोणालाही कळते. पण थोडे लंगडणे ओळखायला नजर लागते. जाणकार माणूस घोड्याला कठीण आणि सपाट जमिनीवर, सरळ रेषेत, दुडक्या चालीने चालवायला सांगतो. लगाम सैल धरलेला असतो, म्हणजे घोड्याला मान मोकळी हलवता येते. मग तो घोड्याच्या डोक्याकडे पाहतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीला टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली करतो. डोके वर उचलल्याने दुखऱ्या पायावरचा भार थोडा कमी होतो. मागचा पाय दुखत असेल तर घोड्याचे पुठ्ठे एका बाजूला जास्त वरखाली होतात. कानांनीही पुष्कळ कळते. निरोगी घोड्याच्या टापांचा आवाज एका तालात येतो. लंगड्या घोड्याचा ताल चुकतो. जुने मोतद्दार डोळे मिटूनसुद्धा हा फरक ओळखतात.

पण यात एक अडचण आहे. घोडा हा रानात कळपाने राहणारा आणि शिकारी जनावरांपासून पळून जीव वाचवणारा प्राणी होता. रानात जो दुबळा दिसतो, त्याच्यावर शिकारी आधी झडप घालतो. त्यामुळे घोडा आपले दुखणे शक्य तितके लपवतो. कुत्रा दुखले की केकाटतो, घोडा मात्र सहसा गप्प राहतो. शर्यतीच्या किंवा स्पर्धेच्या जोशात तर तो दुखणाऱ्या पायानेही धावत राहतो. स्वाराने टाच मारली की तो आणखी जोर लावतो. हा त्याचा गुण आहे आणि हाच त्याचा घात करणारा दोषही आहे.

आता लंगडण्याची कारणे पाहू. सर्वांत जास्त कारणे खुरात सापडतात. खुराच्या तळाशी एखादा टोकदार खडा घुसतो किंवा रस्त्यावरचा खिळा रुततो. वरून काहीच दिसत नाही, पण आत पू होतो. पू बाहेर यायला जागा नसते, कारण खूर कठीण असतो. आतला दाब वाढतो आणि काल चांगला असलेला घोडा आज पाय टेकवत नाही. अशा वेळी पशुवैद्य खुराच्या तळाला लहानसे छिद्र पाडून पू वाहू देतो आणि घोड्याला लगेच आराम पडतो.

खुरात खिळा रुतला तर आणखी एक धोका असतो. तो म्हणजे धनुर्वात. घोड्याला हा रोग फार लवकर होतो. म्हणून घोड्याला धनुर्वाताची लस वेळेवर टोचावी लागते. येथे पुण्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुण्यातील पूनावाला कुटुंब शर्यतीचे घोडे तयार करत असे. घोड्याच्या रक्तातील सीरमपासून माणसांसाठी धनुर्वातावरचे औषध बनवता येते. या औषधाच्या निर्मितीसाठी १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. आज ही संस्था लस बनवणारी जगातील मोठी संस्था आहे. म्हणजे ज्या रोगाची घोड्याला एवढी भीती, त्याच रोगापासून घोड्याच्या रक्ताने माणसाचा जीव वाचवला.

दुसरे कारण ओलावा आणि घाण. तबेल्यात लीद आणि मूत साचून राहिले की खुराचा तळ सडतो आणि त्याला दुर्गंधी येते. खुराच्या तळाशी एक त्रिकोणी, रबरासारखा लवचीक भाग असतो. तो चालताना धक्का सोसतो आणि खुरात रक्त खेळते ठेवायला मदत करतो. सडण्याची सुरुवात बहुधा त्याच्या कडेच्या खाचांपासून होते. पुण्याच्या पावसाळ्यात हा त्रास विशेष होतो.

तिसरे कारण चुकीची नालबंदी. खूर आपल्या नखासारखा वाढत असतो. महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर तो वाढतो. म्हणून दर चार ते सहा आठवड्यांनी जुना नाल काढून, वाढलेला खूर कापून, कानशीने घासून, पुन्हा नाल ठोकावा लागतो. आपले नख कापताना दुखत नाही, पण कात्री आत गेली तर रक्त येते. खुराचेही तसेच आहे. बाहेरचे कवच निर्जीव असते, आतला भाग जिवंत असतो. नालाचा खिळा बाहेरच्या कवचातूनच गेला पाहिजे. तो थोडासा आत गेला तरी घोडा लंगडतो. शिवाय खूर एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला ठेंगणा राहिला, किंवा पुढे फार लांब वाढला, तर प्रत्येक पावलाला सांधे आणि कंडरा वेड्यावाकड्या ताणल्या जातात. वाकड्या झिजलेल्या चपला घालून रोज दहा मैल चालल्यासारखे ते होते.

चौथे कारण अति श्रम. कंडरा ही दोरीसारखी असली तरी ती जिवंत दोरी आहे. पुन्हा पुन्हा ताणल्याने तिचे बारीक धागे तुटतात. विश्रांती मिळाली तर ते जुळतात. विश्रांती न देता पुन्हा दौडवले तर तुटलेल्या धाग्यांची संख्या वाढत जाते आणि एके दिवशी पायाची मागची बाजू धनुष्यासारखी फुगून येते. कंडरेला रक्ताचा पुरवठा कमी असतो, त्यामुळे ती बरी व्हायला नऊ महिने, वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. बरी झाली तरी ती पूर्वीइतकी लवचीक राहत नाही. हाडांचेही असेच होते. हाड हे दगडासारखे मेलेले नसते. व्यायामाने ते हळूहळू मजबूत होते, पण त्याला त्यासाठी वेळ द्यावा लागतो. कोवळ्या घोड्याला एकदम फार दौडवले तर हाडाला केसासारख्या बारीक चिरा जातात. पुढे त्याच चिरांतून एखाद्या शर्यतीत पाय मोडतो. लोक म्हणतात, "अचानक पाय मोडला." पण पुष्कळदा त्या मोडण्याची सुरुवात कितीतरी आठवडे आधी झालेली असते.

पाचवे कारण जमीन. डांबर आणि काँक्रीट फार कठीण असतात, त्यामुळे प्रत्येक टापेचा धक्का हाडांपर्यंत जातो. उलट, फार मऊ किंवा चिखलाच्या जमिनीत पाय रुततो आणि तो उपसताना कंडरांवर ताण पडतो. सर्वांत वाईट म्हणजे खड्ड्यांची, वरखाली असलेली जमीन. म्हणून रेसकोर्सवर शर्यतीपूर्वी जमीन किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटर नावाच्या साधनाने मोजतात. एक वजन ठरावीक उंचीवरून पाडतात आणि त्याने साधनाची दांडी जमिनीत किती रुतली ते पाहतात. पावसाळ्यात शर्यती होणाऱ्या पुण्यात या मोजणीला फार महत्त्व आहे.

सहावे कारण ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ते म्हणजे खाणे! घोड्याला एका वेळी फार चंदी, म्हणजे दाणा, घातला तर त्याचे पोट बिघडते आणि त्याचा परिणाम थेट खुरावर होतो. खुराचे कवच आणि आतले हाड यांना जोडणारे नाजूक पडदे सुजतात. घोड्याला असह्य वेदना होतात. पुढचे पाय पुढे ताणून आणि सगळा भार मागे टाकून तो उभा राहतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर आतले हाड जागचे सरकते. माणसाला पोट बिघडले की डोके दुखते, घोड्याचे पाय दुखतात, असे म्हणायला हरकत नाही.

कोणी विचारेल, "पाय मोडला तर प्लॅस्टर घालून घोड्याला निजवून ठेवावे. आपणही तसेच करतो ना?" घोड्याच्या बाबतीत हे फार अवघड आहे. एवढा जड प्राणी अनेक दिवस एका कुशीवर निजून राहू शकत नाही. त्याच्या फुप्फुसांवर आणि स्नायूंवर त्याच्याच वजनाचा दाब येतो. त्याला उभे राहावेच लागते. आणि एक पाय दुखत असेल तर त्याचा भार उरलेल्या पायांवर पडतो. मग तेही दुखावतात. अमेरिकेतल्या बार्बारो नावाच्या घोड्याची हकिगत याचे उदाहरण आहे. २००६ च्या मे महिन्यात त्याने तेथील सर्वांत मानाची शर्यत, केंटकी डर्बी, जिंकली. दोनच आठवड्यांनी दुसऱ्या मोठ्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पट्ट्या आणि स्क्रू घालून हाड जोडले. मोडलेला पाय पुष्कळ सुधारला. पण भार सोसून सोसून दुसऱ्या पायाच्या खुरातले पडदे निकामी झाले. पैसा होता, नामवंत डॉक्टर होते, सगळ्या देशाच्या सदिच्छा होत्या. तरीही २००७ च्या जानेवारीत त्याला वेदनांतून सोडवण्यासाठी मरण द्यावे लागले. म्हणून घोड्याच्या बाबतीत उपचारापेक्षा काळजी हीच खरी.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. शिवाजी महाराजांच्या घोडदळाची माहिती जुन्या बखरीत मिळते. पागेतल्या दर पंचवीस स्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पखालजी म्हणजे पखालीतून पाणी आणणारा. पाणी जितके गरजेचे, तितकाच नालबंद गरजेचा, असा याचा अर्थ होतो. पावसाळा आला की फौज स्वारीवरून परत छावणीला येई. तेथे घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा तयार ठेवलेल्या असत. दसरा झाल्यावर फौज पुन्हा बाहेर पडे. आजच्या भाषेत सांगायचे तर कोरडी जागा, योग्य आहार, वैद्यकीय मदत आणि काही महिन्यांची विश्रांती यांची ती व्यवस्था होती. भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी घोडे तेव्हा प्रसिद्ध होते. ते अंगाने लहान, पण काटक होते. डोंगरदऱ्यांतून ते दूरवर मजल मारत. पण काटक घोड्यालाही नालबंद लागतोच, हे ती व्यवस्था लावणाऱ्यांना माहीत होते.

आजचा चांगला मोतद्दार काय करतो? सकाळी घोड्याला बाहेर काढण्यापूर्वी तो चारही पायांवरून वरून खाली हात फिरवतो. कोठे गरम लागते का, कोठे सूज आहे का, दाबल्यावर घोडा पाय मागे घेतो का, हे तो पाहतो. हे रोज केले म्हणजे निरोगी पाय हाताला कसा लागतो ते पाठ होते आणि थोडासा बदलही लगेच कळतो. मग तो एकेक खूर उचलून तळ स्वच्छ करतो, अडकलेले खडे काढतो, नाल सैल झाला आहे का ते पाहतो. संध्याकाळी परत हेच. याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. पण या अर्ध्या तासाने घोड्याची पुढची कित्येक वर्षे वाचतात.

बाकीचे नियमही साधे आहेत. दौडण्यापूर्वी घोड्याला दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालवावे, म्हणजे स्नायू आणि कंडरा सैल होतात. दौड संपल्यावर त्याला एकदम उभे न करता पुन्हा सावकाश चालवून थंड करावे. गरम झालेल्या पायांवर थंड पाणी सोडावे. कामाचा भार हळूहळू वाढवावा. आज एक मैल, उद्या चार मैल असे करू नये. आठवड्यात विश्रांतीचे दिवस ठेवावेत. तबेल्यात कोरडा पेंढा अंथरावा आणि लीद वेळच्या वेळी काढावी. दाणा एकदम न देता दिवसातून थोडा थोडा द्यावा आणि सुकी वैरण भरपूर द्यावी. ठरलेल्या दिवशी नालबंदाला बोलवावे. नाल पडेपर्यंत वाट पाहू नये. आणि घोडा जरासा जरी लंगडला, तरी त्या दिवशी त्याच्यावर बसू नये, पशुवैद्याला दाखवावे.

स्पर्धेच्या घोड्याच्या बाबतीत एक मोह फार मोठा असतो. शर्यत उद्यावर आली आहे, बक्षीस मोठे आहे आणि घोडा थोडासा लंगडतो आहे. अशा वेळी दुखणे दाबणारे औषध देऊन त्याला पळवावे, असे कोणाला वाटू शकते. औषधाने दुखणे कळेनासे होते, पण इजा तशीच राहते. घराला आग लागली असताना नुसती धोक्याची घंटा बंद करावी, तसे ते आहे. घोड्याला दुखत नाही, म्हणून तो सगळा जोर लावतो आणि चिरलेले हाड मोडते. त्याच्याबरोबर पाठीवरचा स्वारही पडतो. म्हणूनच स्पर्धेच्या घोड्यांची औषधांसाठी तपासणी करतात आणि अशी फसवणूक करणाऱ्यांना शिक्षा होते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नियम आणखी कडक आहेत. अनेक स्पर्धांपूर्वी प्रत्येक घोड्याला पंच आणि पशुवैद्य यांच्यासमोर दुडक्या चालीने पळवून दाखवावे लागते. लंगडणारा घोडा तेथेच बाद होतो. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत घोडे एका दिवसात १६० किलोमीटरपर्यंत जातात. पण ती वाट एका दमात तोडता येत नाही. तिचे टप्पे पाडलेले असतात. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोड्याच्या हृदयाचे ठोके मोजतो आणि त्याची चाल पाहतो. ठरावीक वेळात ठोके मिनिटाला ६४ पर्यंत खाली आले नाहीत, किंवा चाल बिघडली, तर त्या घोड्याची स्पर्धा संपली. सर्वांत आधी पोचलेल्या घोड्याचीही शेवटी अशीच तपासणी होते. तो लंगडत असेल तर त्याला बक्षीस मिळत नाही.

या कडकपणाचा अनुभव आपल्या महाराष्ट्राच्या एका खेळाडूलाही आला. २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. ड्रेसाज या प्रकारात घोड्याला तालात, डौलात चालवून दाखवायचे असते. त्यात भारतीय संघाने सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीत भारताला तब्बल ४१ वर्षांनी सुवर्ण मिळाले होते. या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. पुढे वैयक्तिक स्पर्धेतही त्याने फार चांगले गुण मिळवले आणि तो अंतिम फेरीत गेला. पण अंतिम फेरीत त्याच्या घोड्याच्या पायावर रक्ताचा अंश दिसला. नियमाप्रमाणे त्याला तेथेच बाद ठरवण्यात आले. पदक अगदी जवळ आले होते. तरीही नियम मोडला नाही, कारण तो नियम घोड्यासाठी केलेला आहे. माणसाला "मला दुखते आहे, मी खेळत नाही" असे म्हणता येते. घोड्याला ते म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने नियम बोलतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांच्या घरी घोडा असेल. शर्यतीचा घोडा तर कोणाकडेच नसेल. मग हे सारे आपण का शिकायचे? कारण घोडा फक्त रेसकोर्सवर नसतो. धायरीच्या रस्त्यावरून वरात निघते, तेव्हा डांबरावर तासन्‌तास उभा राहणारा घोडा असतो. माथेरानच्या चढावर प्रवाशांना पाठीवर नेणारा घोडा असतो. शर्यतीच्या घोड्याला पशुवैद्य, नालबंद, मोतद्दार आणि नियम यांचे संरक्षण असते. या घोड्यांना मात्र पुष्कळदा फक्त आपल्या मालकाचा आणि आपल्यासारख्या येणाऱ्याजाणाऱ्यांचा आधार असतो. मालक गरीब असेल, तर एक दिवस घोडा बांधून ठेवणे म्हणजे एक दिवसाची कमाई जाणे. त्याची अडचण खरी आहे. पण आज एक दिवस वाचवला आणि उद्या घोडा कायमचा अधू झाला, तर कमाईचे साधनच जाते. हे त्याला गोडीने समजावून सांगता येते.

म्हणून यापुढे रस्त्यात घोडा दिसला, तर क्षणभर थांबा. त्याच्या रंगीबेरंगी झुलीकडे आणि तुऱ्याकडे पाहा, पण त्याच्या पायांकडेही पाहा. चालताना तो डोके वरखाली करतो का? टापांचा ताल चुकतो का? उभा असताना एखादा पुढचा पाय तो पुढे काढून ठेवतो का? तसे दिसले तर त्याच्या मालकाला अदबीने सांगा, "दादा, घोड्याचा पाय दुखतो आहे. त्याला डॉक्टरांना दाखवा." सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावरांवर उपचार होतात, हेही त्याला सांगा. पर्यटनाच्या ठिकाणी लंगडणाऱ्या घोड्यावर बसू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

घोड्याला बोलता येत नाही असे आपण म्हणतो. पण आता तुम्हांला ठाऊक झाले आहे की तो मानेने बोलतो, टापांनी बोलतो आणि उभ्या राहण्याच्या रीतीनेही बोलतो. ती बोली शिकायला कोणतेही पुस्तक लागत नाही. रोज थोडा वेळ आणि लक्ष दिले म्हणजे ती समजू लागते. ज्याला ती समजते, त्याचा घोडा सहसा लंगडत नाही.